'शारदा'तले गोत्र: पळवाट की टोला?

आपण सविस्तर लिहिलेत, आणि आपला मुख्य आक्षेप टाळून पुढे जाण्याजोगा नाही. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' हे नाटक बाला-जरठ विवाहावर, म्हणजे कोवळी मुलगी म्हाताऱ्याला देण्यावर, घाव घालते, असे मी म्हटले होते. आपले म्हणणे असे की, म्हाताऱ्या भुजंगनाथाचे शारदेशी ठरलेले लग्न मोडते ते अन्याय्य आहे म्हणून नव्हे, तर वधूवर सगोत्र निघतात म्हणून. अर्थात देवलांनी प्रश्न मांडला आणि ऐन वेळी पळवाट काढली. शिवाय पदांच्या गोडीत विषयाची धार बोथट होते.

वस्तुस्थिती मान्य आहे, निष्कर्ष नाही. मंडपात काय घडते ते पाहा. नवरा पंचाहत्तरीचा, पैशासाठी पोटची पोर विकणारा कांचनभट तिचा बाप आणि लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित. यांतल्या एकाही गोष्टीला शास्त्राची हरकत नाही. शास्त्र जागे होते ते गोत्र एक निघाल्यावर. ही पळवाट असेल तर ती देवलांची नव्हे, त्या समाजाची आहे. १८९९ साली, नाटक आले तेव्हा, कायदाही आड येत नव्हता, कारण १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधाचे वय ठरवले, लग्नाला हातच लावलेला नव्हता. हे लग्न थांबवू पाहणाऱ्या तरुण कोदंडाने तिथे सुधारणेवर व्याख्यान झोडले असते तर ते कोणी ऐकले असते? मंडपातली माणसे ज्या एका गोष्टीला भितात, तीच तो पुढे करतो. (जाता जाता: १९२९ च्या 'शारदा कायद्या'चे नाव या नाटकावरून पडले, असे आपण लिहिले आहे. ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या आडनावाचे आहे. मराठी कानांनी त्याची शारदा केली.)

पदांविषयी मात्र माझा ठाम मतभेद आहे. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' हे पद वरवर नवऱ्याची बाजू घेते आणि तिथेच त्याची फजिती करते. 'दंताजींचे ठाणे उठले' या ओळीत दातांना सरदारासारखा 'जी' लावून त्यांची छावणी हलवली आहे. प्रेक्षक मनसोक्त हसतो, आणि मग 'मूर्तिमंत भीती उभी' हे शारदेचे पद कानी पडले की त्याच नवऱ्याकडे त्याला तिच्या डोळ्यांनी पाहावे लागते. आधी हसलेला नसता तर हा चटका इतका लागला नसता. व्याख्यानाला हे साधत नाही.

आपला आक्षेप मला शेवटाबाबत पटतो. मंडपात लग्न मोडलेल्या मुलीला नदीखेरीज वाट दिसत नाही, इथपर्यंत नाटक निर्दय आहे. पण कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या मान्यतेने त्यांचे लग्न लागते, तेव्हा ज्या शास्त्राची मघाशी शोभा झाली त्याच्याच हातून देवल सगळे गोड करून घेतात. 'पळवाट' हा आपला शब्द मी मंडपातून उचलून इथे ठेवीन.