रस्ता आला की गरिबी आपोआप जाते?

एक मजकूर मोबाइलवर सतत फिरतो: "गावाला पक्का रस्ता द्या, बाकी सगळं आपोआप येतं. गरिबी हटते, शेतमालाला भाव मिळतो, पोरं शिकतात, गाव कायमचं सुधारतं." रस्ता हवाच, त्यावर वाद नाही. अडलेल्या बाईला झोळीत घालून दवाखान्यापर्यंत नेण्याची वेळ गडचिरोलीत आणि मेळघाटात अजूनही येते. माझा वाद आहे तो 'आपोआप' या शब्दाशी.

'गरिबी हटते.' प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. आधी हजारावर वस्तीची गावं, मग पाचशेच्या वरची, असा क्रम ठरला. त्यामुळे आकडा जेमतेम ओलांडलेली गावं आणि थोडक्यात हुकलेली गावं शेजारी ठेवून बघता आली. सॅम अशर आणि पॉल नोवोसाद या अर्थतज्ज्ञांनी ते काम केलं, २०२० साली ते प्रसिद्ध झालं. रस्ता होऊन चारेक वर्षं उलटल्यावर शेतीवर राबणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ९ टक्के-बिंदूंनी (म्हणजे दर शंभर कामकऱ्यांमागे नऊने) घटलं होतं, माणसं बाहेर मजुरीला जाऊ लागली होती. पण घरांच्या उत्पन्नात, मालमत्तेत मोठा फरक दिसला नाही. गाव सोडून कायमचं जाणंही वाढलं नाही. सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी घरी परतता येणं ही काही लहान गोष्ट नव्हे, पण तिला सुबत्ता म्हणता येणार नाही.

'शेतमालाला भाव मिळतो.' याच अभ्यासात शेतीच्या उत्पादनातही मोठा बदल आढळला नाही. टेम्पो बांधापर्यंत आला तरी टोमॅटो साठवायला जागा नसेल, तर व्यापारी सांगेल तो दर घ्यावाच लागतो. इथिओपियातल्या १५ गावांच्या अभ्यासाचा दाखला अनेक जण देतात. तिथे बारमाही रस्त्यामुळे गरिबांचं प्रमाण ६.९ टक्के-बिंदूंनी घटलं, हे खरं. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कुणी सांगत नाही: कृषी विस्तार अधिकाऱ्याची एक भेट जरी झाली, तरी ही घट ९.८ टक्के-बिंदूंची होती. आपल्याकडे रस्त्याचं उद्घाटन थाटात होतं, आणि कृषी सहायकाच्या रिकाम्या जागेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मला याचा खरोखर राग येतो.

'पोरं शिकतात.' हे बरंचसं खरं आहे. रस्ता झालेल्या गावांत उच्च प्राथमिक वर्गांची पटसंख्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं आहे. बाहेर बरं काम मिळू शकतं हे दिसलं की आईबाप मुलाला शाळेत टिकवतात. पण दुसऱ्या एका भारतीय अभ्यासात लहान मुलांची हजेरी वाढली आणि चौदा ते वीस वयाची मुलं मात्र शाळा सोडून कामाला लागली. ज्या रस्त्याने धाकटी शाळेत जाते, त्याच रस्त्याने थोरला वीटभट्टीवर जातो. त्याला थांबवायचं तर जवळ कनिष्ठ महाविद्यालय आणि वेळेवर येणारी एसटी लागते.

'कायमचं सुधारतं.' कायमचं कसं? योजनेतल्या रस्त्याची देखभाल ठेकेदाराकडे असते ती ५ वर्षं. पुढे रस्त्याखालची मोरी तुंबते, पाणी डांबरावर साचतं, साइडपट्टी खचते, त्यातच उसाचे ट्रॅक्टर जातात. आणि पूल नसेल तर नवा रस्ताही पावसात कामाचा नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतलं भामरागड तुटतं, हे आपण दर पावसाळ्यात वाचतो.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत रस्त्याचा ठराव जरूर करा. त्याखाली एवढं मात्र लिहून घ्या: एसटी किती वाजता येणार, पूल कधी होणार, आणि मृगाच्या आधी मोऱ्या कोण साफ करणार.