टाकीचे घाव आणि नववीचं बीजगणित

तिमाहीचे पेपर मुलांच्या हातात पडले की आमच्या लोकमान्य नगरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो. यंदा एकाच दिवशी तिघांकडून आला. वर मूर्तीवर छिन्नी चालवणाऱ्या कारागिराचं चित्र आणि खाली मजकूर. थोडक्यात असा: आमच्या वेळी मास्तर बडवायचे म्हणून आम्ही घडलो. मुलाला रागावलं की सुधारतो, कौतुक केलं की घसरतो. दाबाखालीच कोळशाचा हिरा होतो. कौतुकानं मुलं शेफारतात. टेन्शन, काउन्सेलिंग हे सगळे नवे चोचले. शेवटी ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ आणि हात जोडलेले चार इमोजी.

मी सव्वीस वर्षं इंदूरच्या शाळांमधून नववी-दहावीला गणित शिकवलं. आता संध्याकाळी घरी सहा-सात मुलं बसतात, बहुतेक दुसरीकडून ‘याचं काही व्हायचं नाही’ असं ऐकून आलेली. त्यामुळे नुसता अंगठा टाकून पुढे जाणं मला जमलं नाही. ग्रुपवर लिहायला घेतलं आणि ते लांबत गेलं, तेच इथे देते आहे.

‘मार खाल्ला म्हणून आम्ही घडलो’

हे कोण म्हणतंय ते आधी बघू या. ग्रुपवर बँकेतून रिटायर झालेले आहेत, वीज मंडळातले इंजिनियर आहेत, दोन डॉक्टर आहेत. जे घडले नाहीत ते या ग्रुपवर नाहीतच. माझ्या वडिलांकडे त्यांच्या आठवीच्या वर्गाचा एक फोटो होता. त्यावर बोट ठेवून ते सांगायचे: हा मालवा मिल या इथल्या कापड गिरणीत लागला, हा हुकुमचंद मिलला, हा क्लॉथ मार्केटात थान मोजायला बसला. मागची रांग जवळजवळ सगळी अशीच. मार त्यांनीही खाल्ला होता, कदाचित पुढच्या रांगेपेक्षा जास्तच. म्हणीतल्या टाकीचंही तेच आहे. ज्या दगडाची मूर्ती झाली त्याला आपण नमस्कार करतो, घाव घालताना फुटलेले दगड कुणी मोजून ठेवलेले नाहीत.

आणि तेव्हा शाळा सुटलेल्या मुलाला मिलचं फाटक तरी होतं. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, तिच्या आगेमागे बाकीच्याही गेल्या. आज आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडना दहावी पास लागतं. दगड फुटला तर आता त्याचं काय करायचं, याचं उत्तर मेसेजमध्ये नाही.

‘रागावलं की सुधारतो, कौतुक केलं की घसरतो’

या मुद्द्यावर मी थांबणार आहे, कारण यावर माझा स्वतःचा पंधरा वर्षं विश्वास होता. आणि तो हवेतला नव्हता, रजिस्टरमध्ये बघून बसलेला होता.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मासिक चाचणीचे मार्क मी वर्गात खालून वर असे वाचून दाखवायची. एका मुलीला 25 पैकी 6 मिळाले. साधारण बारा-तेरा मिळवणारी मुलगी. मी तिला उभं केलं आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती पाणी प्यायला म्हणून गेली ती घंटा होईपर्यंत परत आली नाही. पुढच्या चाचणीत तिला 12 मिळाले. मी स्टाफरूममध्ये अभिमानानं सांगितलं, बघा, एक डोस पुरतो.

तिला 12 मिळाले कारण ती बाराचीच मुलगी होती. सहा हा तिचा वाईट दिवस होता. ताप असेल, घरी काही झालं असेल, नेमकं न केलेलंच आलं असेल. वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा आपल्या नेहमीच्या ठिकाणी परत येतो, तुम्ही रागवा की पोहे खायला घाला. तसंच एखाद्याला 19 पडले, आपण पाठ थोपटली आणि पुढच्या वेळी 14 आले की वाटतं, चढलं डोक्यात. चढलं काहीच नाही, चौदा हेच त्याचं घर आहे. आपण नेमकं वाईट दिवशी रागावतो आणि चांगल्या दिवशी शाबासकी देतो, म्हणून रागाला फुकटचं यश मिळतं आणि शाबासकीला फुकटचा दोष.

हे माझं शोधलेलं नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान, ज्यांना 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते तरुणपणी इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिकवायला गेले होते. तिथे एक प्रशिक्षक उठून हेच म्हणाला: मी शाबासकी दिली की पुढचं उड्डाण बिघडतं, झापलं की सुधारतं. कानेमाननी वाद घातला नाही. जमिनीवर खडूनं खूण केली आणि प्रत्येकाला पाठ करून तिच्यावर लागोपाठ दोन नाणी फेकायला लावली. अंतरं मोजली. ज्यांचं पहिलं नाणं अगदी जवळ पडलं त्यांचं दुसरं बहुतेक लांब गेलं, ज्यांचं पहिलं लांब पडलं त्यांचं दुसरं सुधारलं. तिथे कुणी कुणाला झापलं नव्हतं की शाबासकी दिली नव्हती.

आता प्रत्यक्ष मुलांवर काय दिसतं? एलिझाबेथ हरलॉक यांचा 1925 मधला प्रयोग जुना आहे, पण साधा आणि समजण्याजोगा आहे. अमेरिकेतल्या शाळेत मुलांना सलग पाच दिवस बेरजा दिल्या. एका गटाचं रोज सगळ्यांसमोर कौतुक, एका गटाला रोज बोलणी, तिसऱ्याकडे दुर्लक्ष. दुसऱ्या दिवशी कौतुकवाले आणि बोलणीवाले, दोघंही सुधारले. मग बोलणीवाल्यांचा आकडा खाली यायला लागला आणि कौतुकवाले वर जात राहिले. म्हणजे डोस पुरतो हे माझं म्हणणं एका दिवसापुरतं खरं होतं! दुर्लक्ष झालेल्या मुलांची प्रगती मात्र बोलणी खाणाऱ्यांपेक्षाही कमी निघाली. मागच्या बाकावरच्या मुलाला ‘बसू दे, त्रास तर देत नाही’ म्हणून सोडून देणाऱ्या आम्हा सज्जन शिक्षकांनी हे दोनदा वाचावं.

ती मुलगी दहावीनंतर आर्ट्‌सला गेली. कॉरिडॉरमध्ये मी दिसले की जिना बदलायची.

‘दाबाखालीच कोळशाचा हिरा होतो’

होत नाही. हिरे जमिनीखाली दीडशे किलोमीटर आणि त्याहून खोल तयार होतात, कोळसा गाडल्या गेलेल्या झाडांचा आणि वरच्या थरांतला. पण भूगर्भशास्त्र सोडू, मुद्दा ताणाचा आहे.

थोडा ताण हवा, हे मलाही मान्य आहे. परीक्षेची तारीखच नसेल तर मीसुद्धा अभ्यास केला नसता. या बाजूनं बोलणारे लोक यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांचा 1908 चा प्रयोग पुढे करतात, तो अर्धाच सांगतात. उंदरांनी काळी आणि पांढरी अशा दोन पेट्यांतून पांढरी ओळखायची, चुकलं की विजेचा झटका. दोन्ही पेट्यांतला फरक ठळक असेल, तर झटका जितका जोरदार तितके उंदीर लवकर शिकले. फरक पुसट केला, काम अवघड झालं, तेव्हा जोरदार झटक्यानं शिकणं उलट लांबलं आणि हलका झटका बरा ठरला. आता सांगा, जे मूल गणितात आधीच मागे आहे त्याला कुठली पेटी ठळक दिसते? हुशार मुलाला जो ताण चालना देतो, तोच त्याच्या शेजारच्याला बुडवतो. मेसेज लिहिणारा बहुधा त्या बाकावरचा हुशार मुलगा असावा.

माझ्याकडे यंदा नववीचा एक मुलगा येतो. पहिल्या दिवशी मी त्याला (x − 5)² चा विस्तार करायला दिला. त्यानं x² लिहिलं. मग पेन्सिल थांबली आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. त्यानं −25 लिहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. माझी भुवई जरा हलली असेल, त्यानं लगेच खोडून +25 केलं. मी चष्मा पुसायला घेतला तर त्यानं तेही खोडलं. कागद त्या जागी इतका पातळ झाला होता की मागच्या पानावरचा भूगोल दिसत होता. मधलं −10x त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं, यायला जागाच नव्हती. तो गणित सोडवत नव्हता, माझा चेहरा सोडवत होता.

बीजगणितात एक पायरी लिहिताना मागच्या दोन डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. ही धरून ठेवण्याची जागा मुळातच लहान असते. ‘आता ओरडणार’ ही धास्ती तिथेच पाट मांडून बसली की पायऱ्यांना बसायला जागा उरत नाही. अॅशक्राफ्ट आणि कर्क यांनी 2001 मध्ये हेच मोजलं होतं: गणिताची धास्ती असलेल्यांची ही तात्पुरती स्मृती आकड्यांच्या कामात अडखळते. घरी येतं आणि पेपरात जात नाही, ही तक्रार करणारे पालक मुलाला खोटारडा समजतात. ते मूल अनेकदा खरंच बोलत असतं.

मी एवढंच केलं की त्याच्या समोर बसायचं सोडून बाजूला बसायला लागले, म्हणजे माझा चेहरा दिसणार नाही. आणि खोडरबर बंद. चुकलं तर एक रेघ मारायची, खाली पुन्हा लिहायचं. त्याची कॉपी (इथे आम्ही वहीला कॉपीच म्हणतो, पुण्याचे पाहुणे गोंधळतात) आता रेघांनी भरलेली आहे आणि कुठे अडतं ते मला वाचता येतं. छमाहीच्या आधीच्या चाचणीत त्याला 9 मिळाले. आधी 4 होते. हिरा वगैरे झालेला नाही. आणि वर लिहिलेलं विसरून मी पाचाच्या वाढीचं श्रेय लगेच घेणार नाही, आणखी तीन-चार चाचण्या होऊ देत.

‘कौतुकानं मुलं शेफारतात’

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे, आणि हे कबूल करायला मला काही वाटत नाही. ‘वा रे माझ्या राजा, किती हुशार’ या जातीचं कौतुक खरंच नडतं. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांना सोपी कोडी देऊन काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत केलीस’. मग अवघड कोडी देऊन सगळ्यांना आपटवलं. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखीच सोपी दिली, तर हुशार म्हटलेल्या मुलांचे गुण पहिल्यापेक्षा कमी झाले, मेहनतवाल्यांचे वाढले. शिवाय आपले मार्क दुसऱ्यांना लिहून कळवताना हुशार म्हटलेल्यांपैकी जास्त मुलं खोटं बोलली. अडखळलो म्हणजे आपण हुशार नाही, असा हिशेब ती करून बसतात.

पण मागे पडलेल्या मुलाला ‘हुशार आहेस’ म्हणायला जाऊच नका, त्याला ते खोटं आहे हे कळतं आणि तो तुमचं पुढचंही ऐकेनासा होतो. ‘मेहनत कर’ हेही नुसतं बोलणंच. प्रोत्साहन म्हणजे मुलाला त्याच्या कामातलं काहीतरी नेमकं दाखवणं. ‘आज वजाचं चिन्ह कंसातून बाहेर काढताना तू थांबलास, मागच्या आठवड्यात थांबत नव्हतास.’ यात ना साखर आहे ना तिखट. असं वाक्य बोलायला मागच्या आठवड्याची कॉपी बघितलेली असावी लागते, म्हणून ते रागावण्यापेक्षा महाग पडतं. चाळीस मुलांच्या वर्गात ते रोज सगळ्यांसाठी जमत नाही. मला कधीच जमलं नाही. दिवसाला तीन मुलं धरली तर तीन आठवड्यांत वर्ग फिरून होतो, एवढं शेवटच्या वर्षांत केलं.

‘टेन्शन, काउन्सेलिंग हे नवे चोचले’

यावर फार लिहीत नाही. रिझल्टच्या दिवशी घरातून पळून गेलेली, दोन दिवसांनी स्टेशनवर सापडलेली मुलं तेव्हाही होती, त्याला नाव नव्हतं इतकंच. 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, हा आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा आहे. भंवरकुआ या इथल्या कोचिंग क्लासांच्या भागातल्या होस्टेलांमध्ये आपल्याच नात्यातली मुलं राहतात. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा 14416 या नंबरावर मोफत आहे आणि आपल्या भाषेत बोलता येतं. हा नंबर फ्रिजवर लावायला पैसे पडत नाहीत.

मारण्याबद्दल तर चर्चाच नको. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचण्या-लिहिण्यातली, आकड्यांमधली अध्ययन अक्षमता स्पष्ट नोंदवलेली आहे. 36 चे 63 लिहिणाऱ्या किती मुलांना मी ‘लक्ष कुठे असतं’ म्हणून उभं केलं असेल, त्याचा हिशेब आता लागणार नाही. आणि नापास झालं की सगळं संपलं, असंही नाही. आपल्या मध्य प्रदेशात 2016 मध्ये ‘रुक जाना नहीं’ योजना सुरू झाली, तिच्यातून नापास मुलांना राज्य मुक्त शाळेमार्फत पुन्हा परीक्षा देता आली. किती पालकांना हे रिझल्टच्या दिवशी माहीत होतं?

हे सगळं टाकल्यावर ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, ‘म्हणजे तुम्ही मुलांना अगदी मोकळं सोडता वाटतं.’ नाही हो काका. साडेपाच म्हणजे साडेपाच. घरून दोन गणितं करून आणायची, रोज, रविवारी सुद्धा. परवा तो नववीचा मुलगा सहाला आला, तेही गणितं न करता. क्रिकेट लांबलं म्हणाला. मी म्हटलं, बस, आधी ती दोन होतील, मग आजची दोन, मग घरी. तो बसला. पहिल्यात चिन्ह चुकलं, रेघ मारली, खाली पुन्हा लिहिलं. खाली त्याची आई स्कूटरवर थांबली होती, तिनं दोनदा हॉर्न वाजवला. त्यानं मान वर केली नाही. चौथं गणित सव्वासातला झालं.