पट्टीची राखण

तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "कावीळ आहे, लाइटखाली ठेवू." आईने हायच खाल्ली. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत झिरोचा बल्बसुद्धा भीत भीत लावतात आणि इथे नातू नुसत्या लंगोटावर निळ्या दिव्यांखाली! "पोल्ट्री आहे का ही?"

त्या निळ्या उजेडाने कातडीतलं बिलिरुबिन, म्हणजे पिवळेपणा आणणारं द्रव्य, बदलतं आणि शी-शूवाटे निघून जातं. डोळ्यांना मात्र तो उजेड नको, म्हणून पट्टी. "सरकली तर नीट करा. नाकावर येऊ देऊ नका हं," असं मला बजावून सिस्टर गेल्या.

पट्टी दोन बोटं रुंद, डोकं मोसंबीएवढं. बाळ मुठी घासायचं आणि पट्टी कपाळावर, गोव्याला आलेल्या पाहुण्याच्या गॉगलसारखी. खाली ओढली की नाकावर. वर सारली की एक डोळा उघडा. एवढ्या लहान बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचंच काय ते जरा बरं दिसतं. तेवढ्यात माझं दाढी वाढलेलं थोबाड! ते त्या एका डोळ्याने असं बघायचं की मलाच ओशाळं व्हावं. पाजायला काढलं की पट्टी सुटायची, तेवढीच मला सुट्टी.

जागं राहायला मोबाइलवर कावीळच वाचत होतो. इंग्लंडात, एसेक्समधल्या रॉचफर्डच्या इस्पितळात, १९५६ साली एका बाळाचं उन्हातलं अंग उजळलं आणि झाकलेलं तेवढं पिवळं राहिलं. हे एका सिस्टरच्या लक्षात आलं, तिथून हे दिवे निघाले. सकाळी आईला सांगितलं. चूकच झाली.
"म्हणजे कोवळं ऊनच की! आम्ही काय वेगळं सांगत होतो?"
डॉक्टरांना पुन्हा समजवावं लागलं की खिडकीतलं ऊन म्हणजे उपचार नव्हे.

मावशीने फोटोसाठी फ्लॅश मारला तर आई किंचाळली, "डोळे जातील त्याचे!" फ्लॅशने डोळे जात नाहीत, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. मग काजळाची डबी निघाली. त्यात शिसं असू शकतं, घालू नका, म्हणून सिस्टरने ती परत पिशवीत ठेवायला लावली.
"याला नाही का घातलं मी? काय झालं याला?"
सिस्टरने माझ्या साडेपाच नंबरच्या चष्म्याकडे नुसतं बघितलं. काजळाचा त्यात काही दोष नसावा, पण आई गप्प झाली.

दोन दिवसांनी घरी आलो. पहिल्याच रात्री बायकोने मला गदागदा हलवलं. मी झोपेत तिच्या डोळ्यांवरची ओढणी सारखी करत होतो.
"अहो, काय करताय?"
"हलू नकोस," मी म्हणालो म्हणे, "नाकावर येतेय."