यादी घरी ठेवून बाजारला

परवा शनिवारी लेकानं मोबाईलवरनं भाजी मागवली. दहा मिनिटांत पिशवी दारात. टोमॅटो, ढब्बू, फ्लॉवर, गाजर. "बघ आई, गाडी काढायला नको, पार्किंग शोधायला नको." पोरगं खोटं बोलत नव्हतं. पण ऐन चैत्रातली ती पिशवी ओट्यावर ओतली आणि मला महिना कुठला चाललाय तेच कळेना. दिवाळीत मागवली असती तरी हेच आलं असतं, आषाढात मागवली असती तरी हेच. तेव्हा त्याला काही बोलले नाही. इथं बोलते.

दहा महिने यादी करून भाजी आणा, ॲपवरनं आणा, माझी काही तक्रार नाही. मीसुद्धा आणते, नोकरी करणाऱ्या बाईला कुठलं रोज मंडईत फिरायला जमतंय? पण चैत्र-वैशाखात, कोल्हापुरात राहून, हातात यादी घेऊन बाजारला जाऊ नये. यादीत काय असतं? आपल्याला जे आधीपासून ठाऊक आहे तेवढंच.

हे शहाणपण माझं नाही, सासूबाईंचं. त्या आजऱ्याकडच्या. लग्न झाल्यावर पहिल्या चैत्रात मी चिठ्ठी लिहून कपिलतीर्थ मार्केटला निघाले होते. त्यांनी चिठ्ठी बघितली आणि म्हणाल्या, "बाजारात काय आलंय ते बघायच्या आधीच काय पायजे ते ठरवून जातीस व्हय?" आणि चिठ्ठी चहाच्या डब्याखाली सरकवली. त्या दिवशी मी घाबरत घाबरत ओले काजू घेऊन आले. माहेरी आम्हाला काजू म्हणजे दिवाळीच्या बॉक्समधला, वाळका, तोही मोजून.

आजरा, चंदगड हा आपल्या जिल्ह्यातला काजूचा मुलूख. फाल्गुनापासून तिकडच्या बायका ओले गर घेऊन शहरात येतात. मंडईच्या तोंडाशी, मोठ्या गाळ्यांपासून जरा लांब, गोणपाट टाकून बसलेल्या असतात. समोर बुट्टी, बुट्टीत ओलं फडकं आणि त्यात ते पांढुरके, अर्ध्या चंद्रासारखे वाकलेले गर. किलोवर नाही, शेकड्यावर विकतात. पाच-पाच उचलून मोजायचं. तुम्ही मोजणी बघताय की तिचे हात, हे मात्र बघा. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी भाजतं. तिच्या अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची कातडी काळी पडून सालपटं निघालेली असतात. राख चोळून, खोबरेल लावून त्या बी फोडतात, तरीही. शंभर मोजून झाले की वर चार-पाच टाकते आणि म्हणते, "घ्या ताई, पोरास्नी."

आणि त्या बाईशी आपण वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. मॉलमध्ये सुक्या काजूच्या पाकिटावरची किंमत गुमान देतो. मी पण केलेली आहे घासाघीस, सांगायला लाज वाटते. बोटं नीट बघितली त्या दिवसापासून बंद केली.

(करायची कशी ते विचारणार आहातच. गर कोमट पाण्यात टाकून साल काढायची. कांदा-खोबऱ्याचं वाटण, आपली घरची चटणी, पण निम्मी. सासूबाईंची ताकीद आहे की काजूला काजूची चव राहू दे, सगळ्याचा तांबडा रस्सा करू नको. कोल्हापुरात हे सांगावं लागतं.)

चटणीवरनं आठवलं. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगते, आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला. तो याच दिवसांत होतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी आणि लवंगी तिखटाला. गल्लीतला मिरची कांडायचा डंक सुरू झाला की शिंकत शिंकत ऑफिस गाठायचं. वसंताचा सुगंध वगैरे कवी लोक लिहितात, तो आमच्या गल्लीत असा येतो.

खरा सुगंध दवण्याचा. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या सुमाराला महाद्वार रोडला करड्या-हिरव्या नाजूक पानांच्या जुड्या दिसायला लागतात. दिसायला अगदीच गरीब. फूल नाही, रंग नाही. हातात घेऊन चुरगाळली की मग कळतं. जोतिबाला दवणा वाहतात तो हाच. डोंगरावर सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या निशाणाच्या उंच काठ्या, नाचतात, गुलालानं माणूस ओळखू येत नाही, आणि त्या सगळ्या दंग्यात मध्येच दवण्याचा वास येतो. मी एक जुडी देवाला आणि एक कपाटाला आणते. वाळली तरी वास जात नाही. सासूबाईंच्या नऊवारीत अजून मागल्या वर्षीची काडी सापडते.

मोगऱ्याबद्दल एकच मत आहे आणि ते ठाम आहे. फुललेला मोगरा विकत घेऊ नये. सकाळी फुललेली फुलं दुपारी कडेनं तांबूस होतात. दुपारी घट्ट कळ्या घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, रात्री जेवताना त्यांची वेळ होते. चार कळ्या माठात टाका. फ्रीजच्या पाण्याला हात लावलात तर मला सांगा.

आता आंबा. यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण जखम ताजी आहे. गेल्या साली पाडव्याच्या आधीच, सगळ्यांच्या आधी खायची हौस म्हणून, एका व्यापाऱ्याकडनं देवगड म्हणून पेटी घेतली. वरच्या थरात रुबाबदार फळ, खालच्या थरात भलतंच काहीतरी. सगळी पिवळीधमक, एकसारखी, आणि नाकाला लावली तर वासच नाही. जी दोन खरी वाटली त्यातल्या एकात साका निघाला. बाहेरनं देखणं, आत पांढरट, आंबट. साका बाहेरनं कुणालाच कळत नाही, त्याबद्दल त्या माणसाला बोल लावणार नाही. खालच्या थराबद्दल मात्र लावणार.

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर, एवढ्याच जिल्ह्यांचं. आपल्याला सिंधुदुर्ग म्हणजे गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरला की आलाच. इतक्या जवळ राहून आपण फसतो, कारण आपल्याला घाई असते. फळ पिकवायला कार्बाईड वापरायला कायद्यानं बंदी आहे, पण घाईवर बंदी नाही. आता मी अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबते, कच्चाच आंबा घेते आणि पेंढ्यात अढी घालते. रोज सकाळी सासूबाई एकेक फळ उचलून देठाशी हुंगतात आणि निकाल देतात, "आज हे दोन. ते परवा." कोर्टात एवढ्या शांतपणे निकाल लागत नसतील.

तोवर कैरी आहे की. आंब्याची डाळ, पन्हं, चैत्रगौरीचं हळदीकुंकू. आणि रायवळ आंबा, ज्याला कुठलंही मानांकन नाही, पेटी नाही, नाव नाही. बादलीभर पाण्यात टाकायचा, मऊ करायचा आणि चोखायचा. कोपरापर्यंत ओघळ आला पाहिजे. मला विचाराल तर हापूसपेक्षा रायवळच. द्या शिव्या.

तर काल रविवारी लेकाला मुद्दाम लक्ष्मीपुरीत नेलं. बाजारचा दिवस, गर्दी, तोंड वाकडं करून पिशवी धरून उभा. कोपऱ्यात एक आजी करवंदं घेऊन बसलेल्या. पहिलीच, अजून निम्मी लाल. पानाचा द्रोण २० रुपयांना. आजींनी एक करवंद चिमटीत धरून त्याच्यापुढं केलं आणि विचारलं, "कोंबडा का कोंबडी?"

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा मुलगा माझ्याकडं बघायला लागला. बावीस वर्षांचा घोडा, कोल्हापुरात वाढलेला, आणि ह्याला कोंबडा-कोंबडी माहीत नाही! चूक माझीच. मग आजींनीच सांगितलं, फोडल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. तो म्हणाला कोंबडा. निघाली कोंबडी. आजी बोळक्या तोंडानं हसल्या आणि द्रोणावर आणखी मूठभर टाकली, "हरलास न्हवं, घे."

येताना गाडी मी चालवत होते, तो मागं. घरी पोचेपर्यंत द्रोण रिकामा. चिकानं ओठ चिकटलेले, त्यामुळं बोलणंही बंद.

ढब्बू अजून फ्रीजमध्येच आहेत. कुणाला हवे असतील तर घेऊन जा.