जंताच्या गोळीबद्दल खुलासा

शाळेत मिळणारी जंताची गोळी खाल्ली की पुढे मूल होत नाही आणि ती ठरावीक धर्माच्या वस्त्यांतच वाटतात, असा मेसेज नाशिकमध्ये फिरतोय. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

गोळी अल्बेंडाझोलची. जुनं नाशिक असो की सुरगाणा-पेठमधले पाडे, १ ते १९ वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी तीच. २ वर्षांखालच्यांना अर्धी. ती आतड्यातले जंत मारते, प्रजननाशी तिचा संबंध नाही. कुणाला थोडी मळमळ होते, पोट दुखतं, ते लवकर थांबतं. मूल आजारी असेल तर त्या दिवशी देऊ नका.

ही भीती हवेतून आलेली नाही. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीने लोकांचा सरकारी औषधावरचा विश्वास तुटला, आणि तो राग रास्तच होता. पण त्याची किंमत आज लेकरांनी का मोजावी? अंकुशकृमी आतड्यातून रक्त शोषतात, रक्त कमी झालेलं मूल वर्गात पेंगतं, मग शाळा बुडते. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९१० नंतर याच जंतांविरुद्ध मोहीम झाली. तिथे मुलांची हजेरी वाढली, मोठेपणी कमाईही वाढल्याचं अभ्यासात दिसलं.

शंका असेल तर आशाताईंना विचारा. मेसेज मात्र पुढे पाठवू नका.