मत्स्यालयाचा खर्च ‘निम्म्यावर’ आणणाऱ्या सल्ल्यांचा प्रतिवाद

घरी मासे पाळणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश मोठ्या उत्साहाने पुढे पाठवला जात आहे. मत्स्यालयाचा खर्च निम्म्यावर आणण्याचे उपाय असे त्याचे स्वरूप असून ते उपाय थोडक्यात असे आहेत: टाकी लहानात लहान घ्यावी, फिल्टर रात्री बंद ठेवावा, कारण निसर्गात फिल्टर नसतोच, वरचेवर पाणी बदलत बसण्याऐवजी महिन्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून वाळूसकट नळाखाली धुवावी, सफाईसाठी एक सकर फिश (काचेवरचे शेवाळ चाटून खाणारा मासा) सोडावा, नव्या टाकीत आधी चार स्वस्त मासे ‘चाचणीसाठी’ सोडावेत, खाद्याचे मोठे पाकीट घ्यावे आणि ते संपल्यास ब्रेडचा चुरा घालावा, बाटलीबंद द्रावणांवर पैसे घालवू नयेत. यांतला शेवटचा सल्ला बऱ्याच अंशी खरा आहे आणि त्याकडे मी पुढे येईनच. बाकीचे सल्ले मात्र दुकानात दिलेल्या पैशांचाच हिशेब करतात. मासे मेल्यावर पुन्हा घ्यावे लागणारे मासे, औषधे आणि शेवटी माळ्यावर जाऊन पडणारी टाकी हा खर्च ते धरतच नाहीत.

लहान टाकीचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीच्या चुकांची सुरुवात तिथूनच होते. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे सतत अमोनिया टाकत असतो. तोच मासा, तेवढेच खाद्य आणि तेवढाच अमोनिया गृहीत धरला, तर साठ लिटर पाण्यात त्याचे जे प्रमाण होईल त्याच्या बारापट प्रमाण पाच लिटरच्या काचेच्या भांड्यात होते. शिवाय हा अमोनिया किती विषारी ठरेल हे पाण्याच्या सामूवरही (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) अवलंबून असते. पंचवीस अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का भाग घातक, मुक्त स्वरूपात असतो. सामू ८ झाला की हाच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. लहान भांड्यात पाणी लवकर तापते, लवकर थंड होते आणि एक कुजलेले पानसुद्धा त्यातले गणित बिघडवते, म्हणजे ज्याला अनुभव कमी त्याच्याच हाती सर्वांत अवघड टाकी दिली जाते. गोल्डफिशला तर अशा भांड्यात ठेवण्याची पद्धतच पडून गेली आहे. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा वर्षे सहज जगतो आणि त्याच्या साध्या, लांबट जाती वीतभराहून मोठ्या होतात. भांड्यात तो काही महिन्यांत दगावतो आणि मग ‘या माशांचे आयुष्यच एवढे’ असे म्हणून दुसरा आणला जातो.

याचा अर्थ मोठ्यात मोठी टाकी घ्यावी असा नव्हे. टाकीची उंची वाढली की काच जाड लागते, दिवा जास्त ताकदीचा लागतो, हीटर मोठा लागतो आणि तिथे खर्च झपाट्याने चढतो. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि छत्तीस उंच अशी साधी टाकी काठोकाठ भरल्यास पासष्ट लिटरच्या आसपास पाणी धरते. तिला लागणारा एअर पंप आणि स्पंज फिल्टर (पंपाच्या हवेने स्पंजातून पाणी ओढणारा) लहान टाकीच्या पंप-फिल्टरपेक्षा फारसे महाग नसतात. पैसे वाचवायचे असल्यास हा आकार मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. फक्त वाळू आणि काच धरून तिचे वजन पाऊणशे किलोंच्या पुढे जाते हे ध्यानात ठेवावे आणि काटकसर स्टँडवर करू नये.

आता फिल्टर. ‘निसर्गात फिल्टर नसतो’ हे वाक्य ऐकायला बिनतोड वाटते, पण नदीच्या तळाची वाळू, दगडांवरचा बुळबुळीत थर, वाहते पाणी आणि दर माशामागे उपलब्ध असलेले हजारो लिटर हाच निसर्गातला फिल्टर असतो. फिल्टरशिवाय टाकी चालतच नाही असे मी म्हणणार नाही. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे जो प्रयोग मांडला, त्यात पंप किंवा फिल्टर असे काही नव्हतेच. होते ते दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी. ‘संतुलित मत्स्यालय’ ही कल्पना तिथूनच रूढ झाली. त्या काळी वनस्पती प्राणवायू पुरवतात एवढ्यावरच भर होता. अमोनियाचे नायट्रेट करण्याचे काम सूक्ष्मजीव करतात हे श्लोझिंग आणि म्युन्त्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये दाखवले. वॉरिंग्टनची व्यवस्था टिकली ती मासे दोन आणि वनस्पती भरपूर असल्यामुळे. आपल्या टाकीत पंधरा मासे आणि एक प्लास्टिकचे रोप ठेवून निसर्गाचा दाखला देता येत नाही.

फिल्टर रात्री बंद ठेवल्याने नेमके किती वाचते? पाच वॅटचा लहान फिल्टर चोवीस तास चालला, तर तीस दिवसांत ३.६ युनिट वीज लागते. रोज आठ तास बंद ठेवल्यास महिन्याला १.२ युनिट वाचतात. उलट वीस वॅटचा दिवा दहाऐवजी सात तास लावला, तर १.८ युनिट वाचतात आणि शेवाळही कमी होते. हा पर्याय संदेशात कुठेच नाही, याचे आश्चर्य वाटते.

रात्री फिल्टर बंद करणे आणखी एका कारणाने घातक ठरते. दिवा गेल्यावर वनस्पती प्राणवायू देणे थांबवतात आणि माशांप्रमाणेच तो वापरू लागतात, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. उन्हाळ्यात तर मुळातच तो कमी विरघळतो: वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. पाण्याची हालचाल नेमक्या याच वेळी थांबवली की सकाळी मासे पृष्ठभागाशी तोंडे लावून उघडझाप करताना दिसतात आणि पुष्कळांना ते ‘भुकेले’ वाटतात! मग त्यांना खाद्य घातले जाते आणि स्थिती आणखी बिघडते. फिल्टर बंद डब्याचा असेल, तर आत अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू तिथलेच सूक्ष्मजीव काही तासांत संपवतात, आणि सकाळी बटण दाबताच ते नासलेले पाणी टाकीत येते.

विजेत खरी बचत हीटरमध्ये आहे. शंभर वॅटचा हीटर निम्मा वेळ चालू राहिला, तरी महिन्याला ३६ युनिट होतात. टाकीवर काचेचे झाकण ठेवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, कारण एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट एवढी उष्णता खर्च होते आणि उघड्या टाकीत ती बरीचशी त्या पाण्यातूनच जाते. ज्या जातींना पंचवीस अंश पुरतात त्यांच्यासाठी थर्मोस्टॅट अठ्ठावीसवर ठेवण्याचेही कारण नाही.

महिन्यातून एकदा संपूर्ण सफाईचा सल्ला हा या संदेशातला सर्वांत महाग सल्ला आहे. पाणी वाचते हा त्याचा आधारच टिकत नाही: साठ लिटरच्या टाकीत दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलले, तर एका वेळी पंधरा लिटर आणि चार आठवड्यांत साठच लिटर लागतात, म्हणजे पूर्ण रिकामी करण्याएवढेच. फरक एवढाच की पहिल्या पद्धतीत माशांना बदल जाणवत नाही, तर दुसऱ्या पद्धतीत तापमान, सामू आणि क्षारता एका तासात बदलून त्यांना मोठा धक्का बसतो. पण खरे नुकसान स्पंजचे होते. अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियाचे नायट्रेट होताना मधे बनणारा, तोही विषारी पदार्थ) पचवणारे सूक्ष्मजीव पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते स्पंज, वाळू आणि काच यांच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात तो मुळी सूक्ष्मजीव मारण्यासाठीच. त्या पाण्याखाली सगळे चोळून धुतले की टाकी चकचकीत दिसते आणि आतून पहिल्या दिवसावर येते. अशा सफाईनंतर दोन-चार दिवसांनी पाणी दुधाळ होऊन मासे मरू लागतात, तेव्हा दोष पाण्याला दिला जातो.

स्पंज साफ करण्याची बिनखर्ची रीत अशी आहे: पाणी बदलताना टाकीतून काढलेले पाणी बादलीत घ्यावे, स्पंज त्यात बुडवून तीन-चार वेळा हलकेच पिळावा, चहासारखा तपकिरी गाळ सुटला आणि हवा पुन्हा मोकळी वाहू लागली की थांबावे. स्पंज पांढरा करण्याच्या फंदात पडू नये. बादलीतले ते पाणी कुंड्यांना उत्तम खत असते. नव्या पाण्यातला क्लोरीन उघड्या बादलीत एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून दिवसभर ठेवल्यास निघून जातो, परंतु पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग) वापरले असेल, तर ते असे उडून जात नाही. तिथे सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोग्राफीवाल्यांचा जुना हायपो लागतो, आणि बऱ्याच क्लोरीनरोधक द्रावणांत मुख्य घटक हाच असतो. त्यातून थोडा अमोनिया सुटतो. मुरलेला फिल्टर तो पचवतो, नुकताच धुऊन काढलेला फिल्टर पचवू शकत नाही.

सकर फिशबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बोटाएवढा दिसणारा हा मासा चाळीस सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, स्वतः भरपूर विष्ठा टाकतो आणि मोठा झाल्यावर शेवाळापेक्षा आयते खाद्य पसंत करतो. टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला जवळच्या तळ्यात सोडतात, आणि जगातल्या अनेक उष्ण प्रदेशांतल्या नद्यांत तो आज उपद्रवी परका मासा म्हणून पसरला आहे तो अशाच मार्गांनी. काच पुसायला जुना, साबण न लागलेला स्पंज पुरतो.

‘चाचणीचे मासे’ हा सल्ला मला सरळ क्रूर वाटतो, पण इथे हिशेबापुरतेच बोलू. नव्या टाकीत सूक्ष्मजीवांची वाढ पुरेशी व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात अमोनिया चढतो, नंतर नायट्राइट चढतो आणि दोन्ही शून्यावर आल्यावरच टाकी माशांसाठी तयार होते. अमोनियाचा हा पुरवठा मासाच करतो असे नाही. रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत कुजू दिले तरी काम होते. त्याहून चांगले म्हणजे एखाद्या स्नेह्याच्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरातला स्पंज मागून आणावा आणि तो ओलाच आपल्या टाकीत लावावा. संपूर्ण छंदात याहून मोलाची गोष्ट फुकट मिळत नाही. घाईने आणलेला स्वस्त मासा पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही घेऊन येऊ शकतो. या रोगाचा एक परजीवी माशावरून गळून पडल्यावर विभाजनाने शेकडो पिल्ले तयार करतो आणि औषध फक्त ती पाण्यात मोकळी पोहत असतानाच लागू पडते, म्हणून एका माशापायी सगळ्या टाकीवर कित्येक दिवस औषधोपचार करावा लागतो. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात, जास्तीच्या स्पंज फिल्टरवर ठेवणे त्या मानाने नगण्य खर्चाचे आहे.

खाद्याचे मोठे पाकीट ग्रॅममागे स्वस्त पडते हे खरे. परंतु उघडल्यावर त्यातले क जीवनसत्त्व घटत जाते आणि स्निग्धांश खवट होतो. घ्यायचेच असेल, तर लहान हवाबंद डब्यांत वाटून फ्रीजरमध्ये ठेवावे. ब्रेड मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही: तो पाण्यात फुगतो, विरघळतो आणि जीवाणूंना पोसतो. बहुतेक घरांत बचत खाद्याच्या किमतीत नसून प्रमाणात आहे. मासे एक-दोन मिनिटांत संपवतील तेवढेच घालावे. प्रौढ, धडधाकट माशांना आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी काही बिघडत नाही.

बाटल्यांविषयी संदेश म्हणतो ते बरोबर आहे, कारण मात्र त्याने दिलेले नाही. सामू उतरवणारे द्रावण पाण्यात कार्बोनेट भरपूर असल्यास तात्पुरतेच काम करते. दोन दिवसांत सामू पूर्वपदावर येतो आणि माशांना विनाकारण चढउतार सोसावे लागतात. दोष अनेकदा तळाच्या वाळूत किंवा दगडांत असतो. कोरड्या वाळूच्या चमचाभर नमुन्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाकून पाहावे: बारीक बुडबुडे फसफसून वर आले, तर त्यात चुना आहे आणि ती वाळू पाण्याची कठीणता वाढवीत राहणार. तसे नसेल आणि पाणीच कठीण असेल, तर त्या पाण्यात रमणारे मासे निवडावेत. मॉली आणि गप्पी अशा पाण्यात खुशाल वाढतात, त्यासाठी एकही बाटली लागत नाही. अमोनिया आणि नायट्राइट मोजणाऱ्या चाचणी-संचावरचा खर्च मात्र मी टाळणार नाही, निदान पहिल्या दोन महिन्यांत तरी, कारण पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते सुरक्षित आहे असे डोळ्यांना कळत नाही.

माशांच्या संख्येबद्दल हा संदेश गप्प आहे, आणि खर्च वाढवण्यात तिचा वाटा कोणत्याही उपकरणापेक्षा मोठा असतो. गप्पीची मादी साधारण महिन्याला एक वीण देते आणि नराचे बीज काही महिने साठवून ठेवू शकते, त्यामुळे दुकानातून एकटीच आणलेली मादीही टाकी भरून टाकते. पिल्ले नको असतील, तर फक्त नर घ्यावेत. रंग त्यांच्यातच असतो, आणि साठ लिटरच्या टाकीत असे आठ-दहा नर एका स्पंज फिल्टरवर आणि आठवड्याच्या एका बादलीवर चांगले राहतात.