पंचनाम्यात न मावलेली बाजारपेठ

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा जुन्या दुकानदारांच्या मनात २००५ च्या पुराची खूण पक्की होती. माझ्या मावसभावानेही त्या खुणेच्या वरच्या फळ्यांवर कापडाचे गठ्ठे रात्रीच रचून ठेवले होते. पाणी त्या खुणेच्याही वर गेले. चार दिवसांनी मी तिथे पोहोचलो, तेव्हा तो फावड्याने चिखल ओढत होता आणि भिजलेल्या मालाला असा कुबट वास सुटला होता की तो बाहेर टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते. पंचनामा व्हायचा असल्याने माल जागेवर ठेवावा, की रोगराईच्या भीतीने फेकून द्यावा, हा प्रश्न त्या आठवड्यात संपूर्ण बाजारपेठेपुढे होता. त्याने फोटो काढून माल फेकला. उधारीची वही मात्र लगदा होऊन गेली होती, आणि तिचा पंचनामा कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

शासनाने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. ३ ऑगस्ट रोजी राज्य सरकारने साडेअकरा हजार कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात तातडीच्या मदतीसाठी दीड हजार कोटी, पुनर्बांधणीसाठी तीन हजार कोटी आणि आपत्ती सौम्यीकरणाच्या, म्हणजे पुढच्या आपत्तींची झळ कमी करण्याच्या कामांसाठी सात हजार कोटी होते. दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, परंतु कमाल ५० हजार रुपये, आणि टपरीधारकांना कमाल १० हजार रुपये देण्याचे ठरले. ज्याचा काही लाखांचा माल वाहून गेला, त्याच्यासाठी त्या ७५ टक्क्यांना अर्थच उरत नाही, कारण कमाल मर्यादा आधीच आडवी येते. त्याआधी २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरातही दुकानदारांसाठी हीच मर्यादा होती.

याचे मूळ मदतीच्या रचनेत आहे, असे माझे मत आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत घर, शेती, जनावरे, मच्छिमारांच्या होड्या आणि जाळी, इतकेच काय हस्तकला व हातमाग कारागिरांची अवजारेही आहेत. दुकानातला माल मात्र नाही. त्यामुळे दुकानदाराला मिळते ती त्या त्या वेळच्या शासन निर्णयाची मेहेरबानी ठरते, आणि ती सांत्वनाच्या मापाने मोजली जाते. वास्तविक चिपळूणची पेठ ही केवळ दुकानमालकांची नाही. गुहागरपर्यंतची गावे तिथून माल भरतात; हमाल, टेम्पोवाले, शिंपी, रस्त्याकडेला भाजी आणि मासळी घेऊन बसणाऱ्या बायका, या सर्वांची रोजची कमाई त्याच पेठेच्या शटरला बांधलेली असते. शटर महिनाभर बंद राहिले, तर ज्यांच्या घरात पाण्याचा थेंबही शिरला नाही, त्यांचीही चूल अडचणीत येते. तो पूरही अशा वेळी आला की टाळेबंदीने आधीच पोखरलेल्या व्यापाऱ्यांपुढे गणपतीचा हंगाम अवघ्या पन्नास दिवसांवर होता.

त्या पन्नास दिवसांत हवे होते ते खेळते भांडवल. मावसभावाच्या बँकेने कॅश क्रेडिटची, म्हणजे दुकानातल्या साठ्याच्या तारणावर मिळणाऱ्या कर्जाची, मर्यादा वाढवण्यासाठी त्याच्याकडे साठ्याचे विवरणपत्र मागितले. साठा पुरात गेला होता. नैसर्गिक आपत्तीनंतर कर्जाची फेररचना करण्याची आणि नवे कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे, पण शाखेतल्या टेबलापर्यंत ती आपोआप पोहोचत नाही. शेवटी त्याने घरातले दागिने गहाण ठेवून सुरतेहून थोडा माल आणला.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आपत्तीच्या निधीतील ३० टक्के वाटा पुनर्प्राप्ती आणि पुनर्बांधणीसाठी वेगळा राखला होता. त्या कल्पनेत रस्ते-पुलांइतकेच स्थान बाजारपेठेला मिळायला हवे. दरवर्षी जूनपूर्वी नगरपरिषदेने पूररेषेतील दुकानांची, टपऱ्यांची आणि हातगाड्यांची यादी तयार ठेवावी. पाणी ओसरताच मागील जीएसटी विवरणपत्रांच्या आधारे, आणि ज्यांच्याकडे ती नाहीत त्यांना त्या यादीच्या आधारे, पंधरा दिवसांत बिनव्याजी भांडवल द्यावे व त्याची हमी राज्याने घ्यावी. असे कर्ज हंगाम साधल्यावर परत येते. उशिरा आलेले ५० हजार मात्र, माझ्या डोळ्यांदेखत, दुकानात न जाता सावकाराच्या व्याजात गेले.